आत्याचे हात भरलेत!

‘‘आत्या, तुला स्लाइम बनवता येतं?’’

शुक्रवारी रात्री साडेआठला, पाठीवरची लॅपटॉपची सॅक उतरायच्या आत हा प्रश्न आला. विचारणारी चिऊ, माझी भाची, वय वर्षं सात. तिच्या मागे बंड्या, वय वर्षं दहा. चेहऱ्यावर ‘हिला काय येणार’ असा भाव. हिंजवडीहून निघून चाकणचं ट्रॅफिक, मग मंचर, नारायणगाव असं करत आळेफाट्याला डावीकडे वळले होते आणि कल्याण रस्त्यानं पिंपरी पेंढारला पोचले होते. कंबरेचा पार काटा ढिला झालेला. तरीही मी म्हटलं, ‘‘येतं की! त्यात काय?’’

खोटं, साफ खोटं! क्लायंटसमोर चाळीस स्लाइड्सचं प्रेझेंटेशन बिनधास्त ठोकणारी मी, स्लाइम म्हणजे मॉलमधल्या छोट्या डबीत मिळणारा तो लिबलिबीत प्रकार, एवढंच जाणून होते. मागच्या खेपेला तशीच एक डबी मी पोरांना आणून दिली होती. आठवड्याभरात ती वाळून खडखडीत झाली आणि आता ‘नवीन आण’च्या ऐवजी ‘बनवू या’ अशी मागणी पुढे आली होती.

तुमच्यातल्या ज्यांचं गाव जुन्नरकडे आहे त्यांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे मे महिन्याच्या सुट्टीतही पोरं संध्याकाळी अंगणात नसतात. दिवेलागण झाली, की ओट्याखाली उतरायचं नाही हा घरोघरचा नियम. कारण, बिबट्या. चहूबाजूंनी ऊस आणि उसात त्याचा मुक्काम. २०२४ साली आमच्या शिवारात त्यानं माणसं मारली. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे, वनखातं पिंजरे लावतं, गावात फलक आहेत. पण आईच्या जिवाला घोर तो घोरच. आम्ही लहान असताना रात्री जेवणं झाल्यावर अंगणात लपाछपी खेळायचो, हे पोरांना सांगितलं तर त्यांना ती गोष्टीतली थाप वाटते.

मग सात ते दहा करायचं काय? एक टीव्ही, तीन मोबाईल. दादाच्या मोबाईलवर बंड्या, वहिनीच्या मोबाईलवर चिऊ आणि स्वतःच्या मोबाईलवर मी! ‘फक्त एक मेल बघते’ म्हणत तासभर. आई एकदा म्हणाली होती, ‘‘तू आलीस म्हणतात, पण मला काही दिसली नाहीस.’’ हसण्यावारी नेलं मी ते. पण लागलं होतं.

तर, स्लाइम.

त्या रात्री व्हिडिओ बघून पहिला प्रयोग केला. घरात पांढरा फेव्हिकॉल होता, कपडे धुवायची पावडर होती. व्हिडिओतल्या मुलीनं गोंदात पावडरीचं पाणी टाकलं आणि दोन मिनिटांत चकचकीत गोळा काढला. आमच्या वाटीत मात्र जे तयार झालं ते बघून आई म्हणाली, ‘‘पिठलं बिघडलं काय गं?’’ नंतर कळलं, की पावडरीत बोरॅक्स असेल तर हे जमतं. आमच्या पावडरीत ते नसावं. बंड्यानं ‘मला माहीतच होतं’ असा चेहरा केला आणि पुन्हा मोबाईल उचलला. माझा इगो हर्ट झाला, बॉस!

‘‘बोरॅक्स कुठून आणायचं आता?’’ मी वैतागून म्हटलं. आईनं विचारलं, ‘‘ते काय असतं?’’ मी फोनवर बघून सांगितलं, ‘‘टंकणखार.’’ आईचा चेहरा उजळला. ‘‘अगं, टाकणखार म्हण ना. सवागी! सोनाराकडं असते की. आणि सवागीची लाही करून आम्ही पोरांचं तोंड आलं की लावायचो.’’

दोन गोष्टी इथेच सांगून टाकते. सोनाराचं म्हणणं खरं आहे. सोन्याला जोड देताना तो टाकणखार वापरतो, आणि जडीबुटीवाल्या काष्ठौषधीच्या दुकानातही तो मिळतो. दुसरं म्हणजे, तोंडात लावायचा उपाय आजच्या घडीला अजिबात करायचा नाही. बोरॅक्स पोटात गेलं तर लहान मुलांना विषबाधा होऊ शकते. आईलाही हे सांगितलं. ती म्हणाली, ‘‘तुम्ही तर खाऊन मोठे झालात.’’ असो.

शनिवारी सकाळी दादा ओतूरला निघाला होता, त्याच्या गाडीवर मागे बसून गेले आणि टाकणखाराची पुडी घेऊन आले. पांढरे खडे, कुटून पूड केली. संध्याकाळी सातला दार लावलं, ओसरीवर जुनं पोतं अंथरलं आणि सुरू केलं.

कृती सोपी आहे. पेलाभर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा टाकणखार विरघळवायचा. हे काम मोठ्या माणसाचं. दुसऱ्या भांड्यात अर्धी वाटी फेव्हिकॉल, अर्धी वाटी पाणी आणि रंग. मग टाकणखाराचं पाणी चमच्या-चमच्यानं टाकत ढवळत राहायचं. घाई केलीत तर रबराचा चेंडू होतो. पहिल्या दोन चमच्यांना काहीच घडलं नाही. तिसऱ्याला चमच्याभोवती तारा धरल्या, पाचव्याला सगळा गोळा भांड्याच्या कडा सोडून चमच्याला येऊन चिकटला. पोरं किंचाळली. मीही! मग हातात घेऊन मळायचं. सुरुवातीला बोटांना चिकटतं, चार-पाच मिनिटांत सुटतं.

‘‘हे असं का होतं?’’ बंड्यानं विचारलं. मोबाईल कधी खाली ठेवला होता त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

मी सांगितलं, की गोंदात लांबच लांब साखळ्यांसारखे रेणू असतात. शेवयांसारखे एकमेकांवरून घसरत राहतात, म्हणून गोंद वाहतो. टाकणखार पाण्यात गेला, की त्यातले बोरेटचे कण दोन साखळ्यांना मधे धरून ठेवतात. मग त्यांना मोकळं घसरता येत नाही.

‘‘म्हणजे कबड्डीत कडं करतात तसं!’’ बंड्या म्हणाला.

अगदी तसंच. आणि मजा अशी, की हे कडं पक्कं नसतं. हात सुटतात, पुन्हा दुसऱ्याचा धरतात. म्हणून स्लाइम हळू ओढलं तर लांबच लांब ताणलं जातं, हिसका दिला तर तुटतं आणि दोन तुकडे एकमेकांवर ठेवले तर पुन्हा एक होतात. बंड्यानं पुढची वीस मिनिटं फक्त हेच केलं. हळू, झटका, हळू, झटका.

रंगांचं म्हणाल तर किराणा दुकानात खाण्याचे दोनच रंग मिळाले, जिलबीचा केशरी आणि हिरवा. निळा बंड्याच्या वॉटर कलरमधून आला. चिऊला पिवळा हवा होता. तो नव्हताच. मग ती गेली मिसळणाच्या डब्याकडे आणि चिमूटभर हळद घेऊन आली. गोंदात हळद कालवली, छान लिंबाचा रंग आला. टाकणखाराचं पाणी टाकलं आणि बघता बघता पिवळ्याचा तांबूस झाला.

‘‘आत्या, जादू!’’

आई देवापुढं वाती वळत बसली होती. तिथूनच म्हणाली, ‘‘जादू कसली? कुंकू असंच तर करतात. हळदीला सवागी आणि लिंबाचा रस.’’

मी बघतच राहिले. आपल्याकडे करमाळा तालुक्यातलं केम कुंकवासाठी प्रसिद्ध आहे, हे मला ठाऊक होतं. पण कपाळावरचं पारंपरिक कुंकू मुळात हळद असतं आणि तिला लाल करण्यात टाकणखाराचा हात असतो, हे माझ्या इंजिनीअरिंगच्या डिग्रीनं मला कधी सांगितलं नव्हतं. क्षाराच्या पाण्यात हळद तांबूस होते, एवढं शाळेत लिटमसच्या धड्यासोबत शिकलो होतो खरं. पण ते परीक्षेपुरतं. आई उठून आमच्यात येऊन बसली. तिचा रंग तिनं स्वतः मळला. गुडघ्यावर हात ठेवून, कणीक तिंबावी तसा.

आणि तेवढ्यात कोनाड्यात माझा फोन वाजला.

शनिवार, रात्रीचे आठ. कोण असणार? माझे दोन्ही हात मनगटापर्यंत हिरवे. फोन वाजतोय, थांबतोय, पुन्हा वाजतोय. माझी चुळबुळ बघून चिऊ उठली, करंगळीनं बटण दाबलं आणि स्पीकरवर ठणकावून सांगितलं, ‘‘आत्याचे हात भरलेत!’’ आणि फोन कट.

मी गार. पोरं हसून लोळतायत. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात गवारीच्या शेंगा मोडत बसली होती, तीही हसतेय. दोन मिनिटं माझ्या डोक्यात फक्त अप्रेझल फिरत होतं. मग चौथा चमचा की पाचवा, यावरून बंड्याचं आणि चिऊचं भांडण लागलं आणि मी फोन विसरले. खरंच विसरले! साडेनऊला हात धुऊन बघितलं तर ‘सोमवारी बोलू’ असा मेसेज होता. सोमवारी बोललो. काहीही कोसळलं नव्हतं.

मंडळी, त्या रात्री झोपताना लक्षात आलं. पोरांना मोबाईल ठेवा म्हणून आम्ही किती ओरडतो! आणि इथे कोणी एक शब्दही न बोलता अडीच तास तिन्ही मोबाईल कोनाड्यात पडून होते. कारण साधं होतं, भरलेल्या हातांनी मोबाईल धरता येत नाही. पोरांना येत नाही, तसा आत्यालाही येत नाही.

आता ती वहिनीची गवार. रविवारी बसल्या बसल्या मी स्लाइमचा इतिहास शोधला आणि उडालेच. खेळण्यांच्या मॅटेल कंपनीनं १९७६ मध्ये ‘स्लाइम’ नावानं पहिल्यांदा हा प्रकार बाजारात आणला. हिरवागार, आणि कचऱ्याच्या पिंपासारख्या छोट्या डब्यात. त्यात फेव्हिकॉलसारखा गोंद नव्हता. होता तो ग्वार गम. म्हणजे गवारीच्या वाळलेल्या बियांतला गोंद! जगातली बहुतेक गवार भारतात पिकते, सगळ्यात जास्त राजस्थानात. आपण ज्या आइस्क्रीमवर ताव मारतो त्यातही दाटपणासाठी हा गम असतो. अमेरिकेत जमिनीखालच्या खडकाला भेगा पाडून तेल आणि वायू काढतात, तिथे वाळू खाली वाहून न्यायला जे दाट द्रावण लागतं, तेही बऱ्याचदा ग्वार गम आणि बोरेट यांचंच. म्हणजे स्लाइमच की! त्यापायी २०१२ मध्ये गवारीच्या बियांचे भाव असे भडकले, की राजस्थानातले शेतकरी चकित झाले.

हे ऐकल्यावर दादाचे कान टवकारले. कांदा, टोमॅटोच्या भावानं पोळलेला माणूस! ‘‘आणि मी ती भाजी म्हणून विकतोय,’’ म्हणाला. पोरांनी लगेच वहिनीच्या टोपलीतल्या चार शेंगा पाट्यावर वाटून बघितल्या. कोवळ्या शेंगांतून काही निघालं नाही. गोंद असतो तो पक्व, वाळलेल्या बीमध्ये. मग पुढच्या खेपेला मी पुण्यातल्या बेकिंगच्या सामानाच्या दुकानातून ग्वार गमची पुडी नेली. १०० मिली पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम, म्हणजे चिमूट-दोन चिमूट, सतत ढवळत टाकायची, नाहीतर गुठळ्या होतात. दहा मिनिटांत पाणी दाट झालं, की एक चमचा टाकणखाराचं पाणी. हे स्लाइम फेव्हिकॉलच्या स्लाइमपेक्षा लिबलिबीत, गार आणि जास्त घाण वाटणारं. अर्थात बंड्याला तेच आवडलं.

त्याच रात्री अपघातही झाला. चिऊ हिरवा गोळा हातात घेऊनच झोपली आणि सकाळी तो आईच्या गोधडीत! आईच्या नऊवारी लुगड्यांची गोधडी, माझ्या आजीनं शिवलेली. घरात सुतकी शांतता. वहिनी चिऊवर हात उगारणार इतक्यात मला कबड्डीचं कडं आठवलं. बोरेटची पकड आंबटापुढे सुटते. व्हिनेगर लावलं, की स्लाइम पुन्हा पातळ गोंदासारखं होतं, असं वाचलं होतं. व्हिनेगर कुठलं आमच्याकडे? परसातली दोन लिंबं पिळली. पाच मिनिटं मुरू दिलं, कोमट पाण्यानं चोळलं. गोळा सुटला. हिरवट डाग पुसटसा राहिलाय. आई म्हणते, राहू दे, चिऊच्या लग्नात दाखवू.

स्लाइमचं वेड काही आपल्या घरातलं नाही. २०१६-१७ मध्ये सोशल मीडियावर त्याची अशी लाट आली, की २०१७ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या दुकानांत गोंदाच्या बाटल्यांचा तुटवडा पडला. न्यूयॉर्कमध्ये २०१९ पासून तर निव्वळ स्लाइम खेळायला तिकीट काढून जायची जागा आहे. पण लाटेसोबत काळजीही आली. युरोपात खेळण्यातल्या अशा चिकट पदार्थातून किलोमागे ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त बोरॉन बाहेर पडता कामा नये, असा नियम आहे. ब्रिटनमधल्या ‘विच?’ या ग्राहक संस्थेनं २०१८ मध्ये बाजारातली ११ स्लाइम तपासली, त्यातली ८ या मर्यादेबाहेर गेली. घरी बनवताना तर प्रमाण मोजणारं कोणीच नसतं. सुट्टीत तास-दोन तास खेळणं वेगळं आणि रोज मूठभर टाकणखारात हात घालणं वेगळं. म्हणून आमच्या घरात मी नियम केलेत. ते तुमच्यासाठीही देते. भाचा-भाची असतील तर कापून फ्रिजवर लावा!

आत्याचे नियम

• टाकणखाराची पुडी मोठ्या माणसाच्या ताब्यात, वरच्या फळीवर, नाव लिहिलेल्या डबीत. साखर-मिठाच्या शेजारी कधीच नको.

• टाकणखाराचं पाणी मोठ्यांनीच करायचं. पूड उडेल अशी हाताळायची नाही. पोरांनी ढवळायचं आणि मळायचं.

• हाताला जखम, पुरळ किंवा खाज असेल तर त्या दिवशी सुट्टी. खेळून झालं, की साबणानं हात धुवायचे. खेळताना तोंडात बोट नाही, शेजारी खाऊची वाटीही नाही.

• तीन वर्षांखालच्या किंवा सगळं तोंडात घालणाऱ्या बाळाला हे स्लाइम द्यायचं नाही. त्यांच्यासाठी दोन वाट्या कॉर्नफ्लोअर आणि एक वाटी पाणी. मूठ आवळली, की घट्ट; सोडली, की ओघळतं. इसबगोलाचा चमचा पेलाभर पाण्यात घट्ट होईपर्यंत उकळून थंड केलात तर तोही झकास लिबलिबतो. टाकणखार दोन्हीत लागत नाही. तरी बाळाजवळ बसायचं.

• रोज नाही. झाकणाच्या डबीत ठेवायचं. वास आला, बुरशी दिसली, की टाकून द्यायचं.

• टाकायचं ते कचऱ्यात. मोरीत नाही! तुंबली, तर दादा ओरडतो.

• कपड्याला लागलं तर व्हिनेगर किंवा लिंबू, मग कोमट पाणी. हळदीचा रंग मात्र कपड्याचा तो कपड्याचाच.

पहिला नियम मी अक्षरशः पाळलाय. पुडी मी पुण्याला घेऊन आलेय, माझ्या किचनच्या वरच्या फळीवर आहे. परवा चिऊचा फोन आला. मी डेस्कवर होते, समोर एक्सेल शीट.

‘‘आत्या, स्लाइमला पाणी सुटलंय. नवीन करायचंय. पण सवागी तुझ्याकडेच आहे.’’

‘‘बाबांना सांग ना, ओतूरहून आणतील.’’

‘‘नको.’’ मग जरा वेळ गेला. ‘‘तू घेऊन ये.’’

कांदा चाळीत भरून झालाय, दादा मोकळा आहे, आणायला त्याला अर्धा तासही लागणार नाही. हे तिला माहीत आहे आणि मलाही.

शनिवारची सुट्टी टाकलीय. शुक्रवारी साडेचारला निघते, म्हणजे चाकणचं ट्रॅफिक धरूनही दिवेलागणीला ओसरीवर असेन. आठ वाजता कोणी फोन केलाच तर आधीच सांगून ठेवते. हात भरलेले असतील.